पीएचडीला फी किती?

जुळे सोलापुरातून विजापूर रोडला लागलं की चौकाचौकांत फ्लेक्स भेटतात. नीट, जेईई, एमपीएससी, पोलीस भरती, बँकिंग. अभ्यासिका सकाळपासून भरलेल्या असतात आणि आत बसलेल्या पोरांना राज्यसेवेचं वेळापत्रक तोंडपाठ असतं. ‘सीएसआयआर-नेट’ किंवा ‘जॅम’ ही अक्षरं मात्र या फ्लेक्सवर सहसा दिसत नाहीत. मग एखाद्या घरातली एमएस्सीला असलेली मुलगी जेवताना म्हणते, ‘मला पुढं केमिस्ट्रीत पीएचडी करायचीय,’ तेव्हा पहिला प्रश्न येतो, ‘फी किती?’ आणि लगेच दुसरा, ‘किती वर्षं?’

दुसरा प्रश्न रास्त आहे. पाच वर्षं तर धराच, सहाही लागतात. पहिला प्रश्न मात्र इंजिनिअरिंग-मेडिकलच्या सवयीतून आलेला आहे. तिथं शिकणारा पैसे भरतो. विज्ञानात पीएचडी करणारा प्रयोगशाळेचं काम ओढत असतो आणि फेलोशिप असली तर त्याबद्दल त्याला दरमहा पैसे मिळतात. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दराने ज्युनिअर रिसर्च फेलोला, म्हणजे जेआरएफला, महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. दोन वर्षांनी कामाचा आढावा होऊन सीनिअर झाला की ४२,०००. वर घरभाडे भत्ता. विद्यापीठाची फी भरावी लागते, पण ती यातून सहज सुटते.

अडचण आहे ती दुसरीकडेच. पीएचडीच्या टोकाला पैसा बऱ्यापैकी आहे, बीएस्सीच्या टोकाला थोडाफार आहे, आणि मधल्या एमएस्सीच्या दोन वर्षांत जवळजवळ दुष्काळ आहे. घरं नेमकी तिथं दमतात. ‘झालं तेवढं शिक्षण बास, आता कुठंतरी चिकट’ हे वाक्य एमएस्सी भाग एकच्या उन्हाळ्यात ऐकू येतं, पीएचडीत नव्हे.

पैसा देणाऱ्या योजनांपैकी काही घरची परिस्थिती बघतात आणि काही डोकं बघतात. पहिल्या प्रकारच्या योजना सोलापूरकरांना चांगल्या ठाऊक आहेत, कारण त्या महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर एका ठिकाणी मिळतात आणि कॉलेजचा क्लार्क मागे लागून अर्ज भरून घेतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, अनुसूचित जातीतल्या वसतिगृह न मिळालेल्या मुलांसाठी स्वाधार. या योजनांनी फी माफ होते, खोलीभाडं निघतं. त्यांची किंमत कमी लेखायची नाही. पण काही रकमा पाहिल्या की हसावं की रडावं कळत नाही. पदव्युत्तर शिक्षणासाठीच्या एकलव्य शिष्यवृत्तीचंच घ्या. विज्ञान शाखेत पदवीला ७० टक्के हवेत, पालकांचं वार्षिक उत्पन्न ७५,००० च्या आत हवं, आणि हाती पडणार वर्षाला ५,००० रुपये. केमिस्ट्रीची दोन जाड पुस्तकं आणि झेरॉक्स यांत ते संपतात.

या योजनांतला पैसा बहुतेक वेळा अपात्रतेने अडकत नाही, कागदाने अडकतो. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा निघतो, नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपलेली असते, जात वैधता ‘प्रक्रियेत’ असते. त्यात आधारचा एक घोळ अनेकांना कळतच नाही. खात्याला आधार ‘लिंक’ असणं आणि ‘सीड’ असणं या दोन गोष्टी आहेत. सरकारी पैसा खाते क्रमांक बघून येत नाही. आधारवर शेवटी जे खातं सीड झालं असेल, त्या खात्यात तो जातो. बारावीत असताना कुणीतरी मोबाईलवर उघडून दिलेलं खातं नंतरचं निघालं, तर शिष्यवृत्ती तिकडं पडते आणि मुलगा इकडं बँकेत पासबुक छापून घेत बसतो. बँकेत विचारायचा प्रश्न एवढाच: ‘माझं आधार कुठल्या खात्याला मॅप आहे?’

आता डोकं बघणाऱ्या योजना. इथं खरी रक्कम आहे, आणि इथंच आपल्याकडं अंधार आहे.

बारावीपासूनच सुरुवात होते. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘इन्स्पायर’ योजनेत बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात आलेल्या मुलाने मूलभूत विज्ञानात बीएस्सी किंवा इंटिग्रेटेड एमएस्सीला प्रवेश घेतला, तर वर्षाला ८०,००० रुपये मिळू शकतात. त्यातले ६०,००० रोख आणि २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. हे एमएस्सीपर्यंत, पाच वर्षं चालू शकतं. पण वरच्या एक टक्क्यातली पोरं बहुतेक इंजिनिअरिंगला आणि मेडिकलला पळतात. जी एखाद-दुसरी हट्टाने बीएस्सीला येतात, त्यांना बोर्डाकडून मिळणाऱ्या पात्रतेच्या पत्राचं महत्त्व कुणी सांगितलेलं नसतं. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना म्हणजे केव्हीपीवाय ही याच वयाची दुसरी मोठी योजना होती. १९९९ ला सुरू झालेली ही योजना २०२२ मध्ये बंद करून इन्स्पायरमध्ये मिसळण्यात आली. जुन्या गाईडबुकात ती अजून छापलेली दिसते.

एमएस्सीच्या दुष्काळावर दोन उपाय आहेत. यूजीसीची पदव्युत्तर अभ्यासासाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती पदवीच्या गुणांवर देशभरात १०,००० जणांना मिळते. महिन्याला १५,००० रुपये, वर्षातले दहा महिने, दोन वर्षं. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा, महाडीबीटीवर नव्हे. आणि नेमकं तिथंच आपल्याकडचं मूल चुकतं, कारण त्याला एकच पोर्टल माहीत असतं.

दुसरा उपाय मला जास्त पटतो. आयआयटी आणि आयआयएस्सीच्या एमएस्सीसाठी ‘जॅम’ ही परीक्षा फेब्रुवारीत होते. ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच देता येते. बंगळुरूची आयआयएस्सी, मुंबईची टीआयएफआर, पुण्याची आयसर अशा संस्थांत एमएस्सी आणि पीएचडी एकत्र, म्हणजे इंटिग्रेटेड पीएचडी आहे. तिथं पहिल्या दिवसापासून विद्यार्थी संशोधक धरला जातो, त्यामुळे एमएस्सीच्या वर्षांतही दरमहा विद्यावेतन सुरू असतं. ज्या घराला मधली दोन वर्षं झेपणार नाहीत, त्या घरातल्या हुशार पोराने ही वाट आधी धुंडाळावी. जागा मूठभर आहेत आणि परीक्षा कठीण आहे. तरी हुतात्मा एक्स्प्रेसने चार तासांवर असलेल्या पुण्यात अशी संस्था आहे हे बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी कळणं आणि एमएस्सी झाल्यावर कळणं यात फार फरक पडतो.

जेआरएफचा मुख्य दरवाजा म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट. वर्षातून दोनदा होणारी ही परीक्षा पाच विषयांत होते: रसायन, भौतिक, गणित, जीवशास्त्र आणि पृथ्वी-वातावरण-सागर विज्ञान. एकूण २०० गुण, तीन तास. जीवशास्त्राचा पेपर पाहिला की तिचा स्वभाव कळतो. ‘अ’ भागात सामान्य तर्क आणि आकडेमोड, २० पैकी १५ प्रश्न. ‘ब’ भागात ५० पैकी ३५. आणि ‘क’ भागात ७५ पैकी फक्त २५ सोडवायचे, प्रत्येकी चार गुण. म्हणजे निम्मे गुण या पंचवीस प्रश्नांत. तिथं व्याख्या विचारत नाहीत. प्रयोगाचं वर्णन देतात, जेलवरचे पट्टे दाखवतात आणि विचारतात, यातून काय निष्कर्ष निघतो? आपल्या सेमिस्टर परीक्षेत ‘टीप लिहा’ची सवय लागलेल्या मुलाला हा भाग पहिल्यांदा परकाच वाटतो. बरं, चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, त्यामुळे पंचवीस निवडणं हेही एक कौशल्य.

२०२४ पासून नेटच्या निकालात तीन थर आहेत. वरचा थर जेआरएफ आणि सहायक प्राध्यापकपदाची पात्रता, मधला सहायक प्राध्यापकपद आणि पीएचडी प्रवेश, खालचा फक्त पीएचडी प्रवेश. पैसे फक्त वरच्या थराला. गावात ‘नेट झाला’ म्हणून पेढे वाटले जातात, पण कुठल्या थरात झाला ते विचारलं पाहिजे. तसंच सेटचं. पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ महाराष्ट्र-गोव्यासाठी घेतं ती सेट प्राध्यापकीची पात्रता देते, फेलोशिप देत नाही. सेट होऊन पीएचडीला लागलेली आणि पाच वर्षं शिकवण्या घेऊन पोट भरणारी माणसं प्रत्येक विभागात सापडतात.

सोलापूरकरांच्या बाजूने असलेली एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. १ ऑगस्ट २००४ ला सोलापूर विद्यापीठ वेगळं झालं. आता ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे. त्याआधी दयानंद, संगमेश्वर, वालचंद या कॉलेजांतली पोरं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची परीक्षा द्यायची आणि विद्यापीठात पहिलं यायचं म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चारही जिल्ह्यांत पहिलं यायचं. आताचं विद्यापीठ एका जिल्ह्याचं. त्याला कितीही नाकं मुरडली तरी एक फायदा आहे. इन्स्पायरची पीएचडी फेलोशिप विद्यापीठात आपल्या विषयात पहिल्या आलेल्या एमएस्सीवाल्यासाठी आहे आणि तिचे दर जेआरएफइतकेच. पहिलं आलं की ती आपोआप मिळत नाही, अर्ज आणि निवड असतेच. पण प्रत्येक विषयातल्या एकाला तरी नेटशिवाय अर्ज करता येतो. केगावच्या विद्यापीठात सुवर्णपदक घेऊन फोटो काढलेल्या किती जणांनी हा अर्ज केला, हा प्रश्न विभागप्रमुखांना विचारण्यासारखा आहे.

राज्याच्या संस्थांचं चित्र गुंतागुंतीचं आहे. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती, आदिवासींसाठी टीआरटीआय. या संस्थांच्या फेलोशिपमुळे ज्यांच्या घरात पीएचडी हा शब्द कधी आला नव्हता अशी माणसं संशोधनाला लागली. ही मोठी गोष्ट आहे. पण जाहिरात कधी निघेल, किती जागा असतील, परीक्षा होईल की थेट मुलाखत, पैसे नोंदणीच्या तारखेपासून मिळणार की निवडीच्या, यावर गेली काही वर्षं भांडणं चालू आहेत. संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर बसावं लागलं. केंद्राकडूनही धक्के बसतात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२ मध्ये बंद करण्यात आली. ती डोळ्यांपुढं ठेवून अभ्यास करणाऱ्या मुली सोलापुरात कमी नव्हत्या.

आणि फेलोशिप मिळाल्यावरची कहाणी वेगळीच. जॉइनिंग रिपोर्टवर गाईडची सही, मग विभागप्रमुखाची, मग कुलसचिव कार्यालय. घरभाड्यासाठी वसतिगृहात राहत नसल्याचं प्रमाणपत्र. घरभाड्याचा दर शहरागणिक बदलतो. केंद्राच्या वर्गवारीत पुणे-मुंबई ‘एक्स’मध्ये येतात, सोलापूर ‘वाय’मध्ये, म्हणून त्याच फेलोशिपवर जुळे सोलापुरात राहणाऱ्याला पुण्यातल्यापेक्षा कमी टक्के मिळतात. तरी इथल्या भाड्यात तो फायद्यातच असतो. पुढं दर महिन्याची हजेरी विद्यापीठातल्या एकाने ऑनलाइन भरायची आणि दुसऱ्याने तपासून मान्य करायची. त्यातला एक जण रजेवर गेला की त्या महिन्याचं मानधन अडकलं. चार-सहा महिन्यांचे पैसे एकदम येणं हा अपवाद नाही. म्हणून जेआरएफ झालेल्या मुलाला घरच्यांनी ‘आता तुझं तू बघ’ म्हणून लगेच सोडू नये, निदान पहिलं अर्धं वर्ष.

परदेशाची गोष्ट निघाली की आपल्याकडं घर गहाण टाकायची भाषा सुरू होते. ही भाषा जुनी नाही. १८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या भारतीयांकरता कर्जाऊ शिष्यवृत्ती सुरू केली. तिच्या अगदी पहिल्या लाभार्थींत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. १९५७ साली जयंत नारळीकर केंब्रिजला गेले तेही टाटांच्या शिष्यवृत्तीवर. शिकून कमावते झाल्यावर परत करायचे आणि त्या पैशांतून पुढचा जायचा. ही योजना आजही चालू आहे. नारळीकरांच्याही आधी दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी कमला, पुढच्या कमला सोहोनी, यांना बंगळुरूच्या आयआयएस्सीत स्त्री म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी नाकारलं. त्या हटल्या नाहीत. १९३३ मध्ये अटींवर आत शिरल्या, पुढं शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये पीएचडी घेऊन आल्या. यातलं कुणीही बापाच्या घरावर बोजा चढवून गेलं नव्हतं.

आज बोजा चढतो तो मुख्यतः परदेशातल्या एमएससाठी. अमेरिकेत विज्ञानाच्या पीएचडीला एमएस्सी असलीच पाहिजे असं नाही. प्रवेश मिळाला की बहुतेक विद्यापीठं ट्यूशन माफ करतात आणि पदवीच्या मुलांना प्रॅक्टिकल शिकवण्याच्या किंवा प्रकल्पावरच्या कामाबद्दल दरमहा पैसे देतात. म्हणजे तिथं महाग आहे एमएस, फुकट आहे पीएचडी. आपल्याकडचे सल्लागार उलटं विकतात, कारण त्यांचं कमिशन एमएसवर असतं. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याकडून सत्राला १,५०० युरो घेतात, तो एक अपवाद. पण व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याचे ११,९०४ युरो आधी खात्यात अडकवून ठेवावे लागतात. रक्कम आपलीच, महिन्याला थोडी थोडी सुटणारी, तरी आधी उभी करायला लागतेच. त्यापेक्षा एरास्मस मुंडसची मास्टर्स बघावी. दोन-तीन देशांत मिळून दोन वर्षं, फी नाही, वर महिन्याला १,४०० युरो. अनुसूचित जातींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती (७५ जागा) आणि केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती (१२५ जागा, त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींच्या) फी आणि राहणं दोन्ही उचलतात. फुलब्राइटचं नाव आपल्या जिल्ह्यात पोचलं ते परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांच्यामुळे. ती शिक्षकांसाठीची होती. भारतात पीएचडीला नोंदणी झालेल्यांसाठी वेगळी फुलब्राइट-नेहरू फेलोशिप आहे, सहा ते नऊ महिने अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत काम करण्यासाठी.

कोल्हापूर-सोलापूर पट्ट्याची स्वतःची अशी वाट मात्र दक्षिण कोरियाची. शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पातळ थरांवर, म्हणजे थिन फिल्मवर, मोठं काम उभं केलं. त्यातली रासायनिक पद्धत स्वस्तातली. काचेची किंवा धातूची पट्टी, बीकर, क्षारांची द्रावणं, थोडं तापमान. पट्टी एका द्रावणात बुडवायची, धुवायची, दुसऱ्यात बुडवायची, पुन्हा धुवायची. थरावर थर चढत जातो. लाखोंची निर्वात यंत्रं नसलेल्या विभागातूनही त्यामुळे दर्जेदार शोधनिबंध निघू लागले. सौर घट आणि सुपरकपॅसिटरवर पैसा ओतणाऱ्या कोरियाला अशी तयार माणसं हवी होती. एक गेला, त्याने दुसऱ्याला बोलावलं. यात कुठलीही स्पर्धा परीक्षा नसते. तिथल्या प्राध्यापकाकडं प्रकल्पाचा पैसा असतो आणि तो ईमेलवर माणूस निवडतो. त्याला बघायचा असतो तुमचा निबंध आणि तुमच्या गाईडचं पत्र.

पत्राचं सांगायला हवं, कारण परदेशी अर्जांत आणि देशातल्या चांगल्या संस्थांतही आपली पोरं तिथं मार खातात. आपल्याकडचं शिफारसपत्र चारित्र्याच्या दाखल्यासारखं असतं: ‘विद्यार्थी नियमित, नम्र व कष्टाळू असून त्याच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा.’ निवड समितीला यातून काहीच कळत नाही. तिला कळायला हवं असतं की, या मुलीने कुठलं उपकरण हाताळलं, प्रयोग फसल्यावर काय केलं, वर्गात कुठला प्रश्न विचारला. सर तसं लिहीत नाहीत यात सरांचा दोष थोडा, कारण ऐंशी मुलांच्या प्रॅक्टिकल बॅचमध्ये त्यांनी ते पाहिलेलंच नसतं.

म्हणून बीएस्सीपासूनच दुसऱ्या प्रयोगशाळेत दोन महिने घालवणं महत्त्वाचं. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. निवड झाली की देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत दोन महिने काम, प्रवासखर्च आणि विद्यावेतन. कॉलेजच्या शिक्षकांनाही ती मिळते, हे फार थोड्या शिक्षकांना माहीत आहे. अर्जात आपल्याला काय करायचं आहे ते थोडक्यात लिहायचं असतं आणि एका शिक्षकाचं पत्र लागतं. मुदत साधारण नोव्हेंबरच्या आसपास संपते, नेमकी सेमिस्टर परीक्षेच्या धामधुमीत. सरांना पत्राबद्दल दिवाळीच्या सुट्टीआधीच विचारून ठेवावं, आणि विचारताना आपण केलेल्या प्रयोगांची एक पानी यादी त्यांच्या हातात द्यावी.